दोन रिंगा

आमच्या घरचा फोन आमचा नव्हता. बिल आमच्या नावाने यायचं, यंत्र आमच्या टेबलावर असायचं, पण फोन सगळ्या आळीचा होता. सोनईतल्या बुद्धविहारामागच्या आमच्या आळीतलं जे जे पोर पुण्याला, भिवंडीला, सुरतेला कामाला गेलं होतं, त्याच्या खिशातल्या चिठ्ठीवर आमचा नंबर होता आणि त्यापुढे 'पी.पी.' अशी दोन अक्षरं. म्हणजे फोन शेजाऱ्यांचा आहे, निरोप दिला तर माणूस बोलावून देतात. निरोप द्यायला जाणारी मी.

माझे वडील कोंडीराम, आमचे अण्णा, टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून रिटायर झाले. खांबावर चढून आयुष्य गेलं, त्याचा मान म्हणून घरी फोन आला. आळीतला पहिलाच. त्याआधी आमच्या माणसांचे फोन पेठेतल्या एका कापडदुकानात यायचे. दुकानदार खिडकीतून रिसीव्हर बाहेर द्यायचा आणि आमची माणसं ओट्याखाली उन्हात उभी राहून बोलायची. अण्णांनी ते सगळं बघितलेलं. म्हणून आपला फोन आल्यावर त्यांनी रीतसर अर्ज करून दुसरं एक यंत्र बाहेर पडवीत लावून घेतलं, त्याखाली बाक टाकला आणि बाकावर घोंगडी. "आता आपल्या मानसाला कुनाच्या ओट्याखाली हुबं ऱ्हायाचं काम न्हाई," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. ऐकून ऐकून मला पाठ झालं होतं.

मला त्या अभिमानाचं कौतुक होतं. नव्याण्णव साल उजाडेपर्यंत होतं.

त्या वर्षी मी नगरचं वसतिगृह सोडून बी.ए.ची पदवी घेऊन घरी आले. पुण्याच्या एका संस्थेत लोकसंख्येच्या अभ्यासाला मला प्रवेश मिळाला होता, पण अटीवर. कॉलेजात स्टॅटिस्टिक्स न घेतलेल्यांनी जूनच्या आत त्याचा प्राथमिक अभ्यासक्रम पास व्हायचा. आणि तो अभ्यासक्रम संस्थेने त्याच वर्षी, मोठ्या हौसेने, इंटरनेटवरून सुरू केला होता. पत्रात लिहिलं होतं, 'विद्यार्थ्यांनी घरबसल्या लाभ घ्यावा.' ज्याने ते वाक्य लिहिलं त्याला एकदा आमच्या घरी आणून बसवायची माझी फार इच्छा होती.

माझा भाऊ संदीप पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला. त्याने गिऱ्हाइकांनी टाकून दिलेले भाग जोडून मला एक कॉम्प्युटर करून दिला, एसटीच्या टपावरून गोणपाटात बांधून आणला आणि फोनच्या वायरीला जोडला. नंबर लावला की तो आधी किंचाळायचा, मग खरखरायचा, आणि नशीब असेल तर लागायचा. लागल्यावर धड्याचं एक पान उतरायला चहा करून पिऊन होईपर्यंतचा वेळ. तेवढ्यात वीज गेली नाही तर पान मिळायचं.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण मी इंटरनेटवर असताना कुणी पडवीतलं यंत्र नुसतं उचललं तरी माझी लाइन तुटायची. आणि पडवीतलं यंत्र उचलायला सगळी आळी मोकळी होती.

दर बुधवारी संध्याकाळी चाचणी असायची. पहिल्या चाचणीला मी सरासरी आणि मध्यक यांतला फरक लिहीत होते, तेवढ्यात रंगुबाईने बाहेरचा रिसीव्हर उचलला. रंगुबाई समोरच्या घरातली, तिचा मुलगा भिवंडीला यंत्रमागावर. तिच्या कानात माझ्या कॉम्प्युटरची किंकाळी गेली.

"आगं दीपा, यात कुनीतरी रडतंय," ती बाहेरून म्हणाली.

मी रडत नव्हते, पण फार लांबही नव्हते. लाइन गेली की चाचणी पहिल्या प्रश्नापासून सुरू व्हायची आणि वेळ मात्र चालूच राहायची. त्या दिवशी मला शून्य मिळालं. पुढच्या बुधवारी वीज गेली. त्याच्या पुढच्या बुधवारी अण्णांनी स्वतः फोन उचलला, कारण लंकाबाईच्या जावयाचा फोन यायची वेळ झाली होती आणि त्यांना घंटी ऐकू येत नव्हती.

"घंटी कशी ऐकू येईल? मी आत लाइनीवर आहे ना," मी म्हणाले.

"मंग बाहीरच्या मानसाला काय वाटंल? फोन लागतच न्हाई म्हनंल."

"वाटू दे. तासभर वाटू दे. माझं वर्ष जाईल अण्णा."

"तुजं वर्ष जायचं न्हाई. पर हितं लोकं इश्वासानं नंबर देत्यात," ते म्हणाले, आणि लंकाबाईला सांगायला निघून गेले. असं त्यांच्याशी भांडता येत नाही. ते भांडतच नाहीत, निघून जातात.

चाचण्यांत माझी अशी वाट लागल्यावर दोनच गोष्टींवर भिस्त राहिली: एक प्रकल्प आणि शेवटची परीक्षा. प्रकल्पासाठी आपल्या आजूबाजूची खरी आकडेवारी गोळा करायची, तिची सरासरी काढायची, आलेख काढायचा आणि त्यावरून एक उपयोगी निष्कर्ष काढायचा. मला विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. माझा वैरी टेबलावर बसलेला होता. आमच्या फोनवर कोणत्या वारी, कोणत्या तासाला किती फोन येतात, हा माझा प्रकल्प.

महिनाभर मी फोनपाशी ठाण मांडून बसले. फोन आला की वेळ लिहायची, कुणासाठी आला ते लिहायचं. त्यात एक कटकट होती. अधूनमधून फोन दोनदा वाजायचा आणि आपोआप बंद पडायचा. मी हात पुढे करेपर्यंत गप्प. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "जोडात वल शिरली आसंल. लाइन खराब हाय."

तीस वर्षं तारा जोडलेल्या माणसाने लाइन खराब म्हटल्यावर मी काय बोलणार? धड्यातही स्पष्ट लिहिलं होतं, यंत्राच्या दोषामुळे आलेल्या नोंदी वगळाव्यात आणि वगळल्याचं कारण लिहावं. मी त्या सगळ्या रिंगा वगळल्या. कारण लिहिलं, 'लाइनमधील बिघाड'. उरलेल्या आकड्यांचा आलेख इतका देखणा आला की मी तो भिंतीला टाचणीने लावून ठेवला. संध्याकाळी उंचच उंच काठ्या, दुपारी बुटक्या. आणि रविवारी सकाळी दहा ते बारा काहीच नाही. अख्ख्या आठवड्यात आमच्या फोनला एवढी शांतता दुसरीकडे कुठेच नव्हती.

शेवटची परीक्षा दोन तासांची होती आणि वेळ आपण निवडून आधी कळवायची होती. एकदा सुरू झाली की लाइन तुटली तर परीक्षा संपली. तोवर जेवढी पानं पाठवली असतील तेवढ्यांचेच गुण. मी रविवार, सकाळी दहा, असं कळवून टाकलं. मला माझाच अभिमान वाटला. शिकलेलं असं ताबडतोब उपयोगी पडलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

शनिवारी संध्याकाळी अण्णांना सांगितलं. ते भाकरी मोडत होते, तसेच थांबले.

"दुसरा वार न्हाई का?"

"नाही. आणि दुसरा कशाला हवा? त्या वेळेला फोनच येत नाहीत. हे बघा." मी आलेख काढून त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ बघितला. बोट रविवारच्या रिकाम्या जागेवर टेकवलं, उचललं.

"मदी धा मिंटं सोडता न्हाई यायची?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले. "चित्र चांगलं काढलंयस."

रविवारी मी पडवीतलं यंत्र काढून आत कपाटावर ठेवलं, दाराला कडी लावली आणि दहाला बसले. लाइन पहिल्या फटक्यात लागली. वीज होती. पहिला भाग सोपा होता, भराभर लिहून पाठवला. चार भाग होते आणि शेवटचा सगळ्यांत जास्त गुणांचा. असंच चाललं तर जमतंय, असं मला पहिल्यांदा वाटलं.

मग खिडकीतून बाहेर लक्ष गेलं. बाकावर बायका बसल्या होत्या. रंगुबाई होती, लंकाबाई होती, आणि कडेला सुमनबाई, जिचा महेंद्र पुण्याला टेम्पोवर होता. भिंतीवर यंत्र होतं तिथे आता दोन खिळे राहिले होते, त्यांच्याकडे बघत होत्या. थोड्या वेळाने रंगुबाई उठून गेली. मग लंकाबाई गेली. जाताना दोघींनी पडवीत बसलेल्या अण्णांकडे बघितलं आणि अण्णांनी मान हलवली. सुमनबाई मात्र हलली नाही. मी दुसरा भाग पाठवला, तिसरा उघडला, पुन्हा वर बघितलं तर ती तिथेच. मला पाठमोरी, लुगड्याचा पदर डोक्यावर घट्ट ओढलेला.

हे जर मी फोन सोडावा म्हणून धरणं असेल, तर माझंही डोकं फिरायला वेळ लागत नाही. मी तणतणत बाहेर गेले.

"सुमनमावशी, माझी परीक्षा आहे. बाराच्या आधी फोन मिळणार नाही. घरी जाऊन बसा ना."

"मी कुटं फोन मागती? तुजं चालू दे," ती म्हणाली. मग विचारलं, "आतल्या आत वाजली तर तुला कळंल का गं?"

"काय वाजली तर?"

तिने अण्णांकडे बघितलं. अण्णा चपलेचा अंगठा बघत होते.

"रिंग," सुमनबाई म्हणाली. "म्हेंद्रची. दोन रिंगा. शुक्रवारी पुन्याहून टेम्पो घेऊन निगाला, सुरतंला पैल्यांदाच चाललाय. पोचलो की दोन रिंगा देतो म्हनला."

मग अण्णांनी सांगितलं, एकेक वाक्य ओढून काढावं तसं. बूथवाला फोन उचलला गेला तरच पैसे लावतो. म्हणून पोरं नंबर लावतात, दोन रिंगा होऊ देतात आणि ठेवतात. दोन म्हणजे मी बरा आहे. दोनच्या पुढे वाजली तर काहीतरी झालंय, उचला. कुणाची रिंग कुणाची ते कळावं म्हणून अण्णांनी प्रत्येक घराला पाव पाव तास वाटून दिला होता. रविवारी सकाळी, पोरांना सुट्टी असते म्हणून. आणि त्या दोन तासांत दुसरा कुणी फोन करू नये, असं त्यांनीच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

मी ऐकत उभी राहिले. माझा आलेख. माझी देखणी शांतता.

"तुम्ही म्हणालात जोडात ओल शिरली. एप्रिलच्या उन्हात ओल?"

"आता काय सांगू तुला? खात्याचं मीठ खाल्लंय मी. फुकाट निरोप पोचवायचा ह्यो धंदा खात्याच्या मानसानं चालवायचा म्हंजी—" ते थांबले. "संदीपलाबी ठावं न्हाई."

"काल सांगितलं असतंत तर मी वेळ बदलली असती. काल मी आलेख दाखवला तेव्हा सांगितलं असतंत तर."

"तू लई खुशीत हुतीस," अण्णा म्हणाले.

मला राग आला. अण्णांचा आला, खात्याचा आला, त्या घरबसल्या लाभ घ्या म्हणणाऱ्याचा आला, आणि नियमाप्रमाणे नोंदी वगळणाऱ्या माझा तर सगळ्यांत जास्त. आत घड्याळ चालू होतं. मी आत गेले आणि बसले. का नाही बसायचं? माझं वर्ष होतं. एका रिंगेने काय होतंय, पोरगं बाराला पुन्हा लावेल.

तिसऱ्या भागात एक गणित होतं. एका कारखान्यातल्या खिळ्यांच्या लांबीचं. मी तेच गणित तीनदा केलं आणि तीनदा वेगळं उत्तर आलं. दया आली वगैरे काही नाही. मला खिडकीतून ती पाठ दिसत होती आणि गणित सुटत नव्हतं, एवढंच. खिडकी लावून घेतली तर अंधार झाला. उघडली तर पाठ. शेवटी जे उत्तर आलं होतं ते लिहिलं, तिसरा भाग पाठवला, गेल्याची खूण येईपर्यंत थांबले आणि वायर उपटली.

चौथा भाग मी उघडलासुद्धा नाही.

कपाटावरचं यंत्र आणून मी खिळ्यांवर अडकवलं, वायर जोडली आणि बाकावर सुमनबाईशेजारी बसले. तिचा पाव तास केव्हाच होऊन गेला होता. अण्णा दारात उभे. मी बोलायच्या लायकीची नव्हतेच, तोंड उघडलं असतं तर वाईट बोलले असते.

फोन वाजला. एक. दोन. सुमनबाईचे ओठ हलले, तिने डोळे मिटून श्वास सोडला.

आणि तिसरी वाजली.

चौथी. तिने माझा हात मनगटापाशी धरला. अण्णा दारातून पुढे झाले, पण त्यांचा हात यंत्रापाशी जाऊन तसाच राहिला. ज्या माणसाने सगळ्या आळीला नियम घालून दिला, त्यालाच तो रिसीव्हर उचलवेना. मी उचलला.

"हॅलो, कोंडीरामबाबा? म्हेंद्र बोलतोय, आई कशी हाय? काय झालंय?"

"काय व्हायचंय? तू कसा आहेस?"

"मी हाय की, मला काय झालंय. धा वाजल्यापासून लावतोय, सारखा बिजी. तुमचा फोन या टायमाला कदीच बिजी नसतो. मला वाटलं आईला काय झालं म्हनून गाव सगळं फोनवर लागलंय."

मी रिसीव्हर सुमनबाईच्या कानाला लावला. ती दोन्ही हातांनी धरून ओरडून बोलली, सुरतेपर्यंत आपला आवाज तिलाच पोचवायचा आहे अशी.

"बरा हायस का? जेवलास का? बरं. आरं न्हाई, मला काय धाड भरलीय? दीपाची परिक्षा हुती. व्हय. ठेव मंग, पैशे पडत्यात."

रिसीव्हर ठेवल्यावर तिने पदराने तो पुसला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "झाली का गं तुजी परिक्षा?"

"झाली," मी म्हणाले.

निकाल जूनच्या पहिल्या आठवड्यात आला. काठावर पास. चाचण्यांनी बुडवलं होतं, परीक्षेने अर्धवट वर काढलं होतं, आणि तारलं होतं प्रकल्पाने. त्याला वर्गात सर्वांत जास्त गुण होते. खाली शेरा होता, 'नोंदी अत्यंत स्वच्छ. निष्कर्ष उपयुक्त.' तो वाचून मला आनंद व्हायला हवा होता. माझं डोकंच उठलं. मी नगरला जाऊन त्यांना लांबलचक ई-मेल लिहिला, कारण घरच्या लाइनीवरून पाठवायची मला हिंमत नव्हती. लिहिलं की प्रकल्प साफ चुकला आहे, मी ज्याला बिघाड म्हटलं तेच खरे फोन होते, उरलेले होते ते वरचे. दोन दिवसांनी उत्तर आलं, नोंदी वगळण्याचे कारण नियमानुसार दिलेले असल्याने गुणांत बदल होणार नाही. असल्या माणसांशी कुणी भांडायचं?

मी पुण्याला निघाले तेव्हा अर्धी आळी एसटी स्टँडवर आली होती. सुमनबाईने भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. अण्णा गाडी हलेपर्यंत खिडकीपाशी उभे होते. सामान मोजून झालं, संदीपचा पत्ता दोनदा विचारून झाला. मग इकडेतिकडे बघून, खिडकीच्या गजाजवळ तोंड आणून हळूच म्हणाले, "पोचलीस की दोन रिंगा दे. साडेसातला लाइन मोकळी ठिवतो."

पुण्यात उतरले तेव्हा अंधार पडला होता. स्टँडबाहेरच्या बूथवर रांग होती. माझा नंबर आला तेव्हा साडेसात होऊन गेले होते. नंबर फिरवला तर बिजी. पुन्हा बिजी. मागचा माणूस चुळबुळ करायला लागला, मला त्याच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. लाइन मोकळी ठेवतो म्हणाले होते ना? काय झालं असेल घरी? पडले की काय? चौथ्यांदा लावला आणि घंटी गेली. मी मनात मोजायला तयार होते, एक, दोन, ठेवायचा.

पहिली रिंग पुरती वाजलीसुद्धा नाही.

"जय भीम, बोल."

"अण्णा, उचलायचा नसतो," मी म्हणाले. "दोन रिंगा म्हणाला होतात ना?"

"व्हय."

"मग? आणि इतका वेळ बिजी का होता?"

"मी उचलून बगत हुतो. लाइन चालू हाय का न्हाई ते."

"तीनदा?"

"लई येळा," अण्णा म्हणाले. "दुसऱ्याच्या पोरांची दुसरी रिंग हुईपत्तोर दम धरतो मी. तुजी न्हाई धरवली."

बूथच्या काचेवरचा लाल आकडा सरकत होता. मागचा माणूस काचेवर टकटक करत होता. मला त्यांचा भयंकर राग आला आणि तो मी त्यांना बोलूनही दाखवला, लाइनमन असून रिसीव्हर उचलून धरला की लाइन अडते हे कळत नाही का, आळीला नियम घालून देता आणि स्वतःला नाही, पैसे पडतायत, ठेवा आता. अण्णा पलीकडून नुसते "व्हय, व्हय" म्हणत होते. त्यांनीही ठेवला नाही, मीही ठेवला नाही.